लहान मूल आणि घरातली खिडकी: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि घरात पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या प्रत्येकासाठी हे प्रश्न आहेत. आई-वडील, आजी-आजोबा, मूल सांभाळायला येणाऱ्या मावशी, पाळणाघर चालवणाऱ्या ताई, सगळ्यांनी वाचावेत. विषय एकच: मूल खिडकीतून किंवा गॅलरीतून पडू नये. मुलावर लक्ष ठेवणं हे एक काम आहे आणि खिडकी बंदिस्त करणं हे दुसरं. पहिलं कितीही मनापासून केलं तरी त्याने दुसरं भरून निघत नाही. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यावर येतात.

आम्ही मुलाला एक क्षणही नजरेआड होऊ देत नाही. तरी ग्रिल लागतंच का?

लागतंच. घरात दिवसभरात काय काय होतं ते आठवून पाहा. दूध उतू जातं, कुरिअरवाला बेल वाजवतो, मोठ्याचा डबा भरायचा राहिलेला असतो, फोन येतो. प्रत्येक वेळी आपली पाठ मुलाकडे होते. मुलाला सोफ्यावरून खिडकीच्या कट्ट्यावर जायला तेवढा वेळ पुरतो.

जुलै २०२५ मध्ये वसईजवळ नायगावला बाराव्या मजल्यावरून पडून एक चिमुकली गेली. घरातून बाहेर पडायच्या गडबडीत आईने तिला चपलांच्या कपाटावर बसवलं होतं. मागे खिडकी होती. मुलगी उठून उभी राहिली, खिडकीकडे वळली आणि तोल गेला. आई तिथेच होती, काही पावलांवर. त्या माउलीला दोष देणाऱ्यांनी आपल्या दारामागचा चपलांचा रॅक कुठे ठेवलाय ते आधी पाहावं. तिथे गज असते तर मुलगी गजांना धरून उभी राहिली असती, एवढाच फरक होता.

कोणत्या वयात धोका सगळ्यात जास्त?

एक ते चार वर्षं. मूल रांगायला लागलं की खिडकीपाशी पोहोचतं आणि धरून उभं राहायला लागलं की चढण्याचे प्रयत्न सुरू होतात. दीड वर्षाचं मूल सोफ्यावर चढतं, दोन वर्षांचं खुर्ची ओढत आणतं. चढायची कला आधी येते, उंचीचं भान फार नंतर येतं.

शरीराची ठेवणही मुलाच्या विरोधात असते. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या सुमारे सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं असतं, दोन वर्षांच्या मुलाचं जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढं. म्हणजे वजन वरच्या बाजूला जास्त. मूल कट्ट्यावर पोट टेकून खाली वाकलं की डोकं आणि खांदे बाहेर ओढतात, पाय उचलले जातात. मागे सरकायला हातात तेवढी ताकद नसते.

पाच-सात वर्षांची मुलंही पडतात, पण त्यांचं कारण बहुधा वेगळं असतं: बॉल काढायला जाणं, पतंगामागे धावणं, पैज लावणं.

आमच्या खिडकीचा कट्टा तीन फूट उंच आहे. मुलगी अजून कट्ट्याएवढीसुद्धा नाही. मग काळजी कशाची?

टेप घ्या आणि मोजा. फक्त जमिनीपासून कट्ट्यापर्यंत न मोजता खिडकीजवळच्या फर्निचरपासून कट्ट्यापर्यंत मोजा. तीन फूट म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. सोफ्याची बैठक साधारण ४५ सेंटिमीटरवर असते. राहिले ४६. तीन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची ९५-९६ सेंटिमीटर असते. सोफ्यावर उभं राहिलं की कट्टा त्याच्या कमरेच्या आसपास येतो. सोफ्याच्या पाठीवर किंवा हातावर पाय ठेवला, तर मांडीपर्यंतच येतो.

दिवाण, पलंग, स्टूल, उशांची चवड, धुणं भिजवायची उलटी बादली, खेळण्यांचा डबा, वॉशिंग मशीन, कुंडी, गॅलरीत खाली ठेवलेलं एसीचं यंत्र, या सगळ्या पायऱ्याच आहेत. मुलाच्या उंचीला गुडघ्यावर बसून एकदा खोलीभर नजर फिरवा. कुठून कुठे चढता येईल ते दिसेल.

खिडकीला डासांची जाळी आहे. ती थांबवेल ना?

नाही. डासांची जाळी डासांसाठीच असते. ती चौकटीत रबराच्या दोरीने दाबून बसवलेली असते किंवा चिकटपट्टीने लावलेली असते. दहा-बारा किलोचं मूल हात टेकून रेललं की ती सुटून बाहेर जाते. स्लायडिंग खिडकीतला जाळीचा सरकता पल्ला तर रुळावरून अख्खाच निघतो.

जाळीचा आणखी एक धोका आहे. तिच्यामुळे खिडकी बंद असल्याचा भास आपल्याला होतो आणि मुलालाही होतो. मूल तिला भिंत समजून टेकतं. जाळी असेल तरी खिडकी उघडीच आहे असं धरून चाला.

मग ग्रिल कसं असावं? फॅब्रिकेटरला, म्हणजे ग्रिल बनवणाऱ्याला, नेमकं काय सांगायचं?

पहिली गोष्ट, गज उभे हवेत. आडवे गज म्हणजे मुलासाठी शिडी. नक्षीदार ग्रिलमध्ये मधेमधे फुलं, गोल, चौकोन असतात. तिथेही पाय अडकवता येतो, म्हणून खालच्या तीन-साडेतीन फुटांत नक्षी नको. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना उभे लोखंडी गज असायचे. आता टॉवरमध्ये जमिनीपासून छतापर्यंत काच आणि बाहेरचा नजारा विकला जातो, आणि गज लावायचे की नाही हे घर घेणाऱ्यावर सोडलं जातं.

दुसरी गोष्ट, अंतर. दोन गजांमधली मोकळी जागा चार इंचांपेक्षा, म्हणजे दहा सेंटिमीटरपेक्षा, कधीही जास्त नको. जगभरच्या नियमांत साधारण हाच आकडा सापडतो. मी तर तीन इंच किंवा त्याहून कमीच सांगेन. लहान मुलाचं धड त्याच्या डोक्यापेक्षा सडपातळ आणि मऊ असतं. पाय आधी गेले की छातीपर्यंतचं अंग फटीतून सरकतं आणि डोकं अडकतं.

पुण्यात हेच झालं. जुलै २०२५ मध्ये कात्रजजवळच्या गुजर-निंबाळकरवाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चार वर्षांची मुलगी एकटी होती. आई मोठ्या बहिणीला शाळेत सोडायला गेली होती, दाराला कुलूप होतं. मुलगी खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर सरकली आणि डोकं अडकल्यामुळे लटकून राहिली. सुट्टीवर असलेले अग्निशमन दलाचे जवान योगेश चव्हाण शेजारीच राहतात. आरडाओरडा ऐकून ते धावले, पण दार बंद. आई पोहोचली, कुलूप निघालं आणि त्यांनी मुलीला आत ओढून घेतलं. मुलगी वाचली. लक्षात घ्या, त्या खिडकीला ग्रिल होतं. पण मूल सरकेल एवढी जागा त्यात होती. फक्त ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यातली मोकळी जागा टेप लावून मोजा.

तिसरी गोष्ट, जोडणी. गज कितीही जाड असले तरी ग्रिल भिंतीला कशावर धरलंय ते महत्त्वाचं. प्लास्टरमध्ये प्लॅस्टिकचा वॉल प्लग ठोकून लहान स्क्रू पिळला असेल तर ते काही खरं नाही. विटा किंवा काँक्रीटपर्यंत जाणारे अँकर फास्टनर हवेत आणि ते चारही बाजूंनी हवेत. अॅल्युमिनियमच्या चौकटीला नुसतं स्क्रूने जोडलेलं ग्रिल चौकटीसकट हलतं. काम झाल्यावर कारागीर समोर असतानाच दोन्ही हातांनी ग्रिल धरा आणि जोर लावून आत-बाहेर हलवा. कुठेही खडखड झाली तर तिथल्या तिथे सुधारून घ्या, पैसे त्यानंतर द्या.

ग्रिलच्या कडांकडेही पाहा. पहिला गज आणि भिंत यांच्यात, आणि खालची पट्टी आणि कट्टा यांच्यात, बऱ्याचदा मोठी फट राहते. माप खिडकीचं घेतात, पण ग्रिल बसतं थोडं पुढे. मधले गज तीन इंचांवर आणि कडेला सहा इंचांची फट, असं काम डोळ्यांना पटकन खटकत नाही, म्हणून तिथेही टेप लावा.

इनव्हिजिबल ग्रिल चालेल का? बाहेरचं सगळं छान दिसतं त्यातून.

चालेल, पण काम चांगलं झालं असेल तरच. यात बारीक स्टीलच्या दोऱ्या ताणून अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये बसवतात. या ग्रिलची सगळी ताकद दोऱ्यांच्या ताणात आहे. दोरी सैल झाली की दोन बोटांनी बाजूला सरते आणि तीन इंचांची फट पाच इंचांची होते. म्हणून दोन दोऱ्यांमधलं अंतर दोन इंचांच्या आसपास मागा, पट्ट्या प्लास्टरवर न बसवता काँक्रीटमध्ये बसवून घ्या, आणि ताण पुन्हा कसून देण्याची हमी लेखी घ्या. मधल्या दोन दोऱ्या हाताने फाकवून पाहा. तुमची मूठ आरपार जात असेल तर काम नापास.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा समुद्राकाठच्या गावांत खारी हवा धातू खाते. तिथे स्टीलचा दर्जा विचारूनच घ्या. ३१६ दर्जाचं स्टील खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा चांगलं टिकतं.

गॅलरीला कबुतरांची जाळी लावली आहे. तेवढी पुरे ना?

कबुतराचं वजन जेमतेम पाव-अर्धा किलो असतं. त्याला अडवायची जाळी मुलाचा भार घेण्यासाठी केलेली नसते. नायलॉन उन्हात कडक होतं, ठिसूळ होतं. हुक प्लास्टरमध्ये असतात, ते एकेक करून निघतात. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेलेली जाळी हाताने जोरात ओढून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

मुलांसाठी म्हणून जाड दोरीच्या जाळ्याही विकतात. कठड्याच्या वरच्या मोकळ्या भागाला जोड म्हणून त्या लावायला हरकत नाही. पण त्यांच्याच भरवशावर गॅलरीचं दार उघडं टाकू नका.

सोसायटी बाहेरून ग्रिल लावू देत नाही. म्हणतात इमारतीचं रूप बिघडतं.

ग्रिल आतून लावा. खिडकीच्या आतल्या बाजूला, कट्ट्याच्या पुढच्या कडेला उभे गज बसवले तर इमारतीच्या रूपाला धक्का लागत नाही. स्लायडिंग खिडकी त्यामागे उघड-बंद करता येते. उलट आतलं ग्रिल मुलाला कट्ट्यावरच चढू देत नाही, म्हणून बाहेरच्यापेक्षा ते मला जास्त पसंत आहे. खिडकी आत उघडणाऱ्या झडपांची असेल तर मात्र मोजमाप नीट करावं लागतं.

तरीही आडकाठी झाली तर कमिटीला लेखी अर्ज द्या. मुलाचं वय, मजला, कट्ट्याची उंची आणि ग्रिलचं चित्र जोडा, पोच घ्या. तोंडी बोलणं मीटिंगमध्ये वाहून जातं, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं. एकट्याने जाऊ नका. त्याच इमारतीत लहान मुलं असलेली आणखी घरं असतातच, सगळ्यांनी मिळून एकाच नमुन्याचं ग्रिल मागा. 'सगळीकडे एकसारखं दिसेल' हे ऐकलं की कमिटीचा अर्धा विरोध मावळतो.

आग लागली तर? ग्रिलमुळे आपणच अडकायचो.

ही भीती खरी आहे आणि अग्निशमन दलाचे लोकही ती बोलून दाखवतात. उपाय असा की प्रत्येक खोलीत किमान एका ग्रिलला उघडणारं दार ठेवायचं. कडी मोठ्याच्या हातालाच पोहोचेल अशा उंचीवर आणि दोन हालचालींत उघडणारी हवी, उदाहरणार्थ आधी दाबायची आणि मग सरकवायची. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली त्याच खोलीत, उंचावर, ठरलेल्या खिळ्याला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारातही ती सापडली पाहिजे. दर दोन-तीन महिन्यांनी ते दार उघडून पाहा. रंगाचे थर बसून बिजागऱ्या जाम होतात.

आम्ही भाड्याने राहतो. मालक म्हणतात, खर्च तुमचा आणि भिंतीला भोक पाडायचं नाही.

भोक पाडू न देणाऱ्या मालकाला विचारा की ग्रिल घरालाच राहणार असेल तर हरकत आहे का. बरेच जण तयार होतात. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्या किंवा भाड्यात वळता करून घ्या, आणि व्हॉट्सअॅपवर का होईना लेखी ठेवा. पुढचं घर शोधताना करारावर सही करण्याआधीच हा विषय काढा. किल्ली हातात आल्यावर तुमचं बोलणं तेवढं ऐकलं जात नाही.

तोवर स्लायडिंग खिडकीला स्टॉपर लावा. रुळावर स्क्रूने आवळायचा छोटा धातूचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, भोक पाडावं लागत नाही. खिडकी चार इंचांपेक्षा जास्त सरकणार नाही अशा जागी तो आवळा. हाताने फिरवायचा स्क्रू असेल तर तीन-चार वर्षांचं मूल पाहून-पाहून शिकतं, म्हणून पान्याने आवळायचा घ्या. खिडकीला आलेलं मूळचं लॉक, पल्ल्याच्या मधली ती छोटी काळी कळ, बोटाने खाली केली की उघडते. तिच्यावर विसंबू नका.

आजी नातवाला खिडकीत बसवून भरवते. सांगितलं तर तिला वाईट वाटतं.

हा प्रश्न खूप घरांत आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच आहे.

हा घास चिऊचा, हा घास काऊचा. मूल जेवत नाही म्हणून त्याला कट्ट्यावर बसवायचं, कावळा दाखवायचा, खाली चाललेली बस दाखवायची आणि तोंड उघडलं की घास भरवायचा. सकाळी बाबा ऑफिसला निघाले की खिडकीतून 'टाटा' करायला न्यायचं. रडायला लागलं की 'बघ बघ भूभू' म्हणून बाहेर वाकून दाखवायचं. गणपतीची मिरवणूक आली की मुलाला कठड्यावर धरून उभं करायचं. या सगळ्यात प्रेमच आहे. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर दिवसातून चार वेळा आपण त्याला शिकवतो की खिडकी ही चढायची आणि वाकायची जागा आहे, आणि तिथे गेलं की काहीतरी मजेचं दिसतं. मग एक दिवस खाली बाबांच्या गाडीचा हॉर्न वाजतो आणि मूल एकटंच तिथे जातं. ते आपण शिकवलेलंच करत असतं.

आजीला 'असं करू नका' म्हणण्यापेक्षा जागा बदलून द्या. जमिनीवर पाट, समोर ताट, आणि चिऊ-काऊ गोष्टीत. 'टाटा' दारातून किंवा लिफ्टपाशी. मिरवणूक पाहायची असेल तर खाली उतरून, खांद्यावर घेऊन. आणि हे सांगताना आजीचा मान राखा. 'आई, तुम्ही सांभाळता म्हणून आम्ही निर्धास्त असतो. पण हल्ली तो स्वतःच चढायला लागलाय, आपण सगळ्यांनीच खिडकीत बसवणं बंद करू या.' यात 'सगळ्यांनीच' हा शब्द सोडू नका, आणि स्वतःही तसंच वागा.

सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही हेच सांगा. खिडकी पुसताना, चादर झटकताना, कपडे वाळत घालताना मूल कडेवर नको.

घर एवढंसं आहे, पलंग खिडकीला लावल्याशिवाय जागाच उरत नाही.

वन आरकेत किंवा चाळीच्या खोलीत फर्निचर खिडकीपासून दूर ठेवा असं सांगणं सोपं, पण करायला जागा कुठे असते. अशा घरात ग्रिल ही पहिली खरेदी समजा, टीव्ही-फ्रिजच्या आधीची. पलंगाच्या उंचीपासून वर किमान चार फूट गज हवेत, फक्त खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला लावून चालत नाही. हलवता येईल तेवढं हलवा. स्टूल आणि खुर्च्या रात्री टेबलाखाली सारा, रॅक दारामागे न्या. पडद्याची दोरीही उंच गुंडाळून ठेवा, तिचा गळ्याला फास बसण्याचा धोका असतो.

गॅलरी, बॉक्स ग्रिल आणि गच्चीचं काय?

गॅलरीच्या दाराला मुलाच्या हाताच्या वर एक जादा कडी लावा आणि दार बंद ठेवायची सवय सगळ्यांना लावा. कठड्याचे गज आडवे असतील तर आतून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा आवळून घ्या, पाय रोवायला जागा उरत नाही. कठड्याला लागून कुंड्या, खोकी, सायकल, मोडकी खुर्ची, काहीही नको. घरातल्या अडगळीची जागा गॅलरी असू नये, निदान मूल मोठं होईपर्यंत तरी.

बॉक्स ग्रिलमध्ये, म्हणजे खिडकीबाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये, मुलाला खेळायला बसवण्याची पद्धत मुंबईत फार आहे. ते पिंजऱ्यासारखं सुरक्षित वाटतं. पण त्याचा सगळा भार भिंतीतल्या मोजक्या जोडण्यांवर असतो, खाली पातळ फळी किंवा पत्रा असतो, आणि वर्षानुवर्षं कुंड्यांचं पाणी मुरून वेल्डिंग गंजलेलं असतं. तिथे कुंड्या ठेवणंही धोक्याचं, मूल ठेवणं तर नकोच.

गच्चीचं दार कुलूपबंद हवं आणि किल्ली ठरलेल्या माणसाकडे. संक्रांतीच्या आसपास पतंगासाठी ती उघडली जाते, तेव्हा एका मोठ्याने फक्त मुलांकडे पाहायचं. त्याने स्वतः पतंग उडवायचा नाही.

मूल झोपलंय. पाच मिनिटांत खाली जाऊन येऊ का?

नको. झोपलेलं मूल जागं झालं की आधी आईला शोधतं. दारापाशी जातं, दार उघडत नाही, मग जिथून बाहेरचं दिसतं तिथे जातं, म्हणजे खिडकीत. बाहेरून कुलूप असेल तर मदतीला धावणाऱ्यालाही आत शिरता येत नाही. मोठ्याला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं असेल तर धाकट्याला उचलून न्या, नाहीतर शेजारच्या काकूंना दहा मिनिटं घरात येऊन बसायला सांगा. एक किल्ली कायम शेजारी असू द्या.

मुलाला समजावून सांगितलं तर?

सांगाच, रोज सांगा. पण तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाकडून ते पाळलं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. नियम त्याला पाठ असतो, समोर कबुतर बसलं की तो आठवत नाही. वाक्य छोटं ठेवा: 'पाय जमिनीवर, मग बाहेर बघायचं.' खिडकीत पकडल्यावर किंचाळून मारू नका. मग ते लपून जातं, आणि ते जास्त धोक्याचं.

स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांच्या घरी, आणि झोपेत चालणारं मूल असेल तिथे, ग्रिलची काळजी मूल बरंच मोठं झाल्यावरही सोडू नका.

बाहेर देशांत कायदा काय सांगतो, काय करतात?

न्यूयॉर्कचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथल्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये ब्राँक्स भागात मोहीम सुरू केली: घरोघरी जाऊन पालकांना सांगायचं आणि खिडकीचे गज फुकट द्यायचे. १९७३ ते १९७५ या काळात ब्राँक्समध्ये मुलं खिडकीतून पडण्याच्या घटना निम्म्याने कमी झाल्या. मग १९७६ मध्ये नियम आला. तीन किंवा अधिक घरं असलेल्या इमारतीत दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहत असेल, तर खिडकीला गज बसवणं घरमालकाची जबाबदारी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने मार्च २०१८ पर्यंत अपार्टमेंटच्या धोकादायक खिडक्यांना १२.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाहीत अशी कुलपं बसवायला लावली. सिडनीत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी घर भाड्याने घेताना तिथले नियम विचारावेत आणि हक्काने मागून घ्यावं.

दोन्हीकडे जबाबदारी आईच्या नजरेवर न टाकता इमारतीवर टाकली. आपल्याकडेही बिल्डरने ताबा देतानाच गज द्यावेत आणि सोसायट्यांनी ते अडवू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

मूल खिडकीच्या बाहेर किंवा कठड्यावर दिसलं तर?

ओरडू नका, धावत अंगावर जाऊ नका. दचकून किंवा हसत वळताना तोल जातो. घरात असाल तर नेहमीच्या आवाजात बोलत जवळ जा आणि आधी धडाला मिठी घाला, एका हाताने मनगट ओढू नका. खाली असाल तर एकाने मुलाशी शांतपणे बोलत राहावं, दुसऱ्याने वर धावावं, तिसऱ्याने १०१ किंवा ११२ ला फोन करावा. दार बंद असेल तर तोडायला कचरू नका.

आणि पडलंच तर?

लगेच १०८ ला फोन. मूल रडत नसेल तर श्वास चालू आहे का पाहा. उचलून छातीशी धरण्याचा मोह आवरा, मानेला किंवा मणक्याला मार असेल तर हलवण्याने इजा वाढते. आग, वाहतूक असा तिथे दुसरा धोका नसेल तर आहे त्या जागी डोकं आणि मान स्थिर धरा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. उलटी झाली तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघांनी मिळून कुशीवर वळवा. पाणी पाजणं, कांदा हुंगवणं, गदागदा हलवणं, यातलं काहीही नको.

मूल उठून चालायला लागलं तरी दवाखान्यात न्याच. दोन वर्षांच्या आतलं मूल तीन फुटांवरून किंवा मोठं मूल पाच फुटांवरून डोक्यावर पडलं, तरी डॉक्टर ते गंभीर धरून तपासतात. पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, झटके, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं काही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात.

सुट्टीत गावी किंवा नातेवाइकांकडे जातो तेव्हा?

पोहोचल्यावर चहाआधी घर फिरून पाहा. माडीचा सज्जा, कठडा नसलेली गच्ची, जिन्यातली उघडी खिडकी, डक्टकडे उघडणारं न्हाणीघराचं तावदान, या जागा बघा. मूल ज्या खोलीत झोपणार तिथला पलंग खिडकीपासून ओढून घ्या. यजमानांना अवघडल्यासारखं वाटेल म्हणून गप्प राहू नका. 'आमचं कार्टं फार चढतं' एवढं म्हटलं की कोणी रागवत नाही. हॉटेलात खोली घेताना खालच्या मजल्यावरची आणि गॅलरी नसलेली मागा.

फॅब्रिकेटर पंधरा दिवसांनी येणार. तोवर काय करू?

आज संध्याकाळी ही कामं करा. ज्या खिडक्या उघडल्या नाहीत तरी चालतं त्या बंद करून पल्ल्यामागच्या रुळात लाकडी पट्टी घट्ट बसवा, पट्टी मुलाला उचलता येणार नाही अशी स्क्रूने आवळा. हवेसाठी एकच खिडकी ठेवा आणि तिला चार इंचांचा स्टॉपर लावा. वरून उघडणारं तावदान असेल तर तेच उघडा, खालचं बंद. खिडकीखालचं फर्निचर हलवा, गॅलरीच्या दाराला वरची कडी बसवा. मे महिन्याचा उकाडा असेल तर जरा घाम निघेल, पंखा जोरात लावा. आणि फॅब्रिकेटरला उद्या सकाळी पुन्हा फोन करा. घरात लहान मूल आहे हे सांगितलं की बरेच कारागीर तुमचं काम आधी घेतात.

ग्रिल बसलं. आता पुढे काही पाहायचं?

दरवर्षी मे अखेरीस, पावसाआधी, आणि पुन्हा दसऱ्याच्या साफसफाईत. गंज बघा, विशेषतः गज खालच्या पट्टीला जिथे जोडला आहे तिथे, कारण पाणी तिथेच साचतं. रंगाचा पोपडा नखाने काढा. खाली लोखंड भुगा होत असेल तर नुसता रंग मारून चालणार नाही, वेल्डिंग नव्याने करून घ्या. स्क्रू आवळा, दोऱ्यांचा ताण तपासा, उघडणारं दार उघडून पाहा. आणि मूल किती वाढलंय, आता कशावर चढतंय, तेही बघा, कारण सहा महिन्यांपूर्वी हाताला न लागणारी कडी आता त्याच्या हाताला लागत असते.